पडद्यातले खडे

जयपूर, शनवार

आई,
तुज्या पायावर डोकं ठेवते. हनुमंता, तिला सावकाश वाचून दाखव.

मी बरी हाय, जेवन पोटभर मिळतंय. पयल्या दिशी हॉटेलातल्या खोलीचं दार उघडंच टाकून खाली गेले, तर मॅनेजर पळत आला. आपल्या शिंगणापुरात घरांना दारंच न्हाईत, कडी लावायचं माज्या ध्यानातच आलं न्हाई!

आई, हितं पडदे, चादरी, गालिचे करनाऱ्या दोनशे बाया जमल्यात. सोताचे कारखाने चालवतात गं! मी नुसती बघत राहिले. एकीनं मी आणलेला आपला पडदा हातात घेऊन खालची शिवण चाचपली. वाऱ्यानं उडू नये म्हनून तू घालतीस ते वढ्यातले खडे तिला लागले. तिनं आजूबाजूच्या सगळ्यांना हाक मारली. "आमी हितं शिशाचे तुकडे घालतो. तुला हे कुनी शिकवलं?" मी तुजं नाव सांगितलं, माजी आई बनुबाई.

मग सगळ्या एकमेकींना नावाची कार्डं देऊ लागल्या. माज्याकडं कुठलं कार्ड? मी शिवण उसवली आन एकेकीला एकेक खडा दिला.

गुडघा कसा हाय? वढ्याला एकटी जाऊ नको, मी आल्यावर दोघी जाऊ. पडदा पार हलका झालाय, पन बनुबाईचे खडे अकरा जनींच्या पर्समधी हायेत.

तुजी लेक,
पंकजा