मैथिलीचं मूळ राज्य

मंगळवार, १४ ऑक्टोबर. जानकीपुरम.

डोकं अजून तापलेलंच आहे. रागाच्या भरात पोळ्याही करपवल्या.

आमच्या विद्यापीठाला यंदा क्रमवारीत वर चढायचंय. परराज्यातली मुलं जास्त दिसली की गुण मिळतात म्हणे. म्हणून हे क्रमवारीचं काम बघणारे, कार्यालयातले मिश्राजी दुपारी विभागात आले. माझी मैथिली इथेच बी.एस्सी. करते ना! "मॅडम, बिटिया को महाराष्ट्र से दिखा देते हैं. दादाजी का पता लिख दीजिए." फॉर्म पुढे सरकवला. 'मूळ राज्य', समोर रिकामी चौकट.

पोरगी लखनौत जन्मली, इथेच वाढली! मी साफ नाही म्हटलं. हसून म्हणाले, "कोई बात नहीं, बिटिया से भरवा लेंगे."

एकोणीस वर्षं इथे शिकवतेय. विभागप्रमुख व्हायची माझी पाळी आली, तेव्हा हेच म्हणाले होते, "मॅडम तो बाहर की हैं." तेव्हा बाहेरची म्हणून डावललं, आता त्याचेच गुण हवेत? प्रयोगशाळेत बर्नर पेटत नाहीत, मुलं प्रयोग नुसते वहीत उतरवतात. त्याचे गुण कोण कापणार?

घरी येऊन मैथिलीला तावातावानं सांगायला लागले, तर म्हणते, "वो फॉर्म? भर दिया. महाराष्ट्र लिखा."

"खोटं का लिहिलंस?" मी ओरडलेच.

ती खरोखर गोंधळली. "झूठ कहाँ, आई? आप ही तो बचपन से सिखाती हैं, कोई पूछे तो बोलना, हम सातारा के हैं."

मिश्राजींसाठी जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं तशीच सोडून मी पोळ्या लाटायला घेतल्या.