सेठजींच्या पाच खुर्च्या

धुळे, मंगळवार, १२ सप्टेंबर १९८९

आज माझ्यासोबत मेडिकलला शिकणारी वंदना आणि मी जळगावला एका ट्रस्टच्या सेठजींकडे गेलो. तुटलेला मज्जारज्जू जुळवण्याचा आमचा प्रयोग आधी सशांवर करायचा आहे. त्यासाठी साधी प्रयोगशाळा हवी होती. सेठजींनी फाईल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "चाकाच्या पाच खुर्च्या देतो. पाठीवर आमच्या आईचं नाव रंगवा, फोटो काढू."

वंदना म्हणाली, "सेठजी, पेशंटला उभं करायचंय."

"बेटा, आधी डॉक्टर तर व्हा!"

आणि मी? मी खुर्च्यांना हो म्हणालो. वॉर्डात त्या हव्याच आहेत, हे खरं. पण मी घाबरून हो म्हणालो, हेही खरं. परतीच्या बसमध्ये वंदना माझ्याशेजारची जागा सोडून मागे जाऊन बसली.

संध्याकाळी वॉर्डात गेलो. विहिरीत पडून कणा मोडलेले सुकदेवभाऊ वाटच पाहत होते; त्यांची बायको रोजच्यासारखी खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. "डॉक्टर, मना पाय हालतीन ना?" ही आशा त्यांना मीच लावली होती.

"नाही, भाऊ."

त्यांनी चादर तोंडावर ओढली. मग आतूनच म्हणाले, "मंग मनी बायकोले घर धाडी द्या. दोन महिना व्हयनात, आठेच बठेल शे."