मनालने उचललेली चिठ्ठी

मस्कत
(तारीख मुद्दाम घातलेली नाही. तारीख म्हणजे पुरावा.)

आदरणीय अलफिया आपांस धाकट्या तहाचा सलाम.

तुझे गुडघे, दुल्हाभाईंची शुगर आणि परसातली काजूची कलमं, सगळ्यांची खुशाली कळव. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त झोप, भूक आणि धीर या तीन गोष्टी गेल्या आहेत. फोन सोडून कागदावर लिहितोय म्हणून घाबरू नकोस. घाबरायचं काम मी एकटा खानदानाला पुरेल एवढं करतोय. आपल्याकडे फोनवर बोललेलं दुपारपर्यंत तीन ग्रुपांवर फिरतं. कागद निदान फॉरवर्ड होत नाही. (वाचून झालं की चुलीत घाल. गॅसवर नको, अर्धवट जळतो आणि नेमकं नावच शिल्लक राहतं.)

आपा, परदेशात राहणाऱ्या माणसाला वाटतं की निवडणूक म्हणजे टीव्हीवरची आरडाओरड. दिल्लीची झाली, मुंबईची झाली, मी इथे चणे खात बघितली. कोण आला, कोण गेला, माझ्या केसाला धक्का लागला नाही. शेजारच्या खाटेवरच्या मंडणगडच्या सर्वेशला मी लोकशाहीवर भाषणंही दिली. मग आपल्या दाभोळच्या मोहल्ल्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि माझी वाचाच बसली. एका बाजूला माझे सासरे हसनमियाँ, निशाणी कपबशी. समोर आपले मुसाचाचा, निशाणी छत्री. एकाने मला मुलगी दिली, दुसऱ्याने व्हिसा. आता सांग, यातलं कुठलं परत करू?

दोघांचे फोन एकाच जुम्म्याला आले. सासरे म्हणाले, "तहामियाँ, तुमचा मत मी धरलाय हां." मी म्हटलं, "जी." तासाभराने चाचा म्हणाले, "तुझा मत आपलाच हाय, मी सगल्यांना बोलून ठेवलाय." मी म्हटलं, "जी." (आपल्या घरात मोठ्यांना 'जी' सोडून दुसरं उत्तर शिकवलंच नाही. यात माझा दोष किती आणि अम्मीचा किती, हे तूच ठरव.) तेव्हापासून मी जपून वागायला लागलो. दोन महिने चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायलो, कारण सर्वेशला फोटो काढायची खोड आहे आणि माझ्या हातातली कपबशी चाचांपर्यंत पोचायला अर्धं मिनिट पुरे. छत्रीचा प्रश्न आला नाही. मस्कतमध्ये पाऊस पडत नाही याबद्दल अल्लाचे आभार मानणारा मी पहिलाच कोकणी असेन.

मतदानाला येतो असं दोघांना कबूल केलं होतं, पण ऐन वेळी कंपनीने रजा नाकारली. हे मी मोहल्ल्यात सगळ्यांना कळवलंय, तुलाही कळवतोय. एक मत गेलं तर काय मोठंसं, असं मनाला समजावलं. आणि दापोलीला मोजणी झाली तेव्हा कपबशी दोनशे अकरा, छत्री दोनशे अकरा.

आपा, ते आकडे मी तीनदा वाचले. दोघांकडेही मतदारांची वही होती, आणि दोन्ही वह्यांत माझ्या नावापुढे बरोबरची खूण होती. पण खरी भीती पुढेच आहे. समसमान झालं की चिठ्ठी टाकतात आणि ती लहान मुलाकडून उचलून घेतात, हे तुला ठाऊक आहे. मोजणीच्या साहेबांनी विचारलं, कुणाचं मूल आहे का इथे? बाहेर सासऱ्यांच्या गाडीत चिक्की खात बसली होती माझी मनाल. सासरे म्हणाले चालेल, माझी नात आहे. चाचा म्हणाले चालेल, आमच्या घरची पोर आहे. उभ्या निवडणुकीत या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. सहा वर्षांच्या पोरीने चिकट हात बरणीत घातला आणि मुसाचाचांचं नाव बाहेर काढलं.

चाचांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, गुलाल लावला आणि तसंच मिरवणुकीतून तिच्या नानाच्या दारावरून नेलं. त्या दिवसापासून सासरे तिच्याशी बोललेले नाहीत. तिला रागावत नाहीत, तेवढे ते भले आहेत. पण संध्याकाळी तिला जेटीवर न्यायचे, ते आता एकटेच जातात. मासूमा पोरीला घेऊन माहेरीच आहे. ती सांगते की मनाल उजवा हात फ्रॉकमागे धरून फिरते आणि डाव्या हाताने जेवते. नानी ओरडली तरी ऐकत नाही. परवा मला व्हिडिओवर विचारलं, "अब्बा, माझा हात वाईट हाय काय?" मी म्हटलं, नेटवर्क जातंय. आणि फोन ठेवला. आपा, असा बाप मी आहे.

मासूमालाही संशय यायला लागलाय. काल तिने विचारलं, तुमच्या मागे मस्कतमध्ये कोंबडा कसा आरवतो? सर्वेशची रिंगटोन आहे, असं मी सांगितलं. तिने 'बरं' म्हणून फोन मनालकडे दिला. मला तिच्या प्रश्नांची एवढी भीती नाही, जेवढी त्या 'बरं'ची आहे. दुल्हाभाईंना सलाम, पोरांना दुवा.

तुझा भित्रा भाऊ
तहा

ता.क. १ : तू दोन्ही घरांना आवडतेस, राजापूरला दिल्यामुळे तू कुठल्याच वहीत नाहीस. तेव्हा दाभोळला जाऊन सासऱ्यांना समजावशील का, की चूक पोरीच्या हाताची नाही, माझ्या न येण्याची आहे?

ता.क. २ : पाकिटावर मस्कतचं तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. हे पत्र तुझ्या शेजारच्या संदेशकडे देतोय. तो रत्नागिरीला कोर्टाच्या कामाला आला होता. मीही रत्नागिरीतच आहे, एसटी स्टँडामागच्या लॉजवर, अकरा दिवस. कोंबडा लॉजवाल्याचा आहे.

ता.क. ३ : रजा मिळाली होती. मतदानाच्या दिवशी मी धोपाव्याहून फेरीबोटीत बसलो. दाभोळची जेटी जवळ आली तशी दोन्ही टेबलं दिसली, एकावर चाचा, एकावर सासरे, आणि दोघेही बोटीतून उतरणारी माणसं मोजत होते. मी तोंडाला रुमाल बांधला आणि उतरलोच नाही, त्याच बोटीने परत फिरलो. मनाल तिथेच नानाजवळ होती. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करते. माझ्या बोटीलाही केला. उजवाच होता. मी माझा वर केला नाही.

ता.क. ४ : वर मागितलेलं सगळं रद्द. तू एकटी जाऊ नकोस, उद्या पहिल्या गाडीने रत्नागिरीला ये, आपण दोघं जाऊ. बोटीतून मी पुढे उतरेन. तू फक्त मागे उभी राहा, म्हणजे मला परत फिरता येणार नाही.