उशीसकट तेवीस बदल

प्रिय ताई,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, मी कुठलंही लफडं केलेलं नाही. आत एक फॉर्म आहे. तो आधी उघडायचा नाही, आधी पत्र. तू गोष्टीचं शेवटचं पान पहिल्यांदा वाचणारी, म्हणून बजावून सांगतोय.

मी सध्या डोंगरापलीकडे शिंप्यांच्या गल्लीत आहे. सात दुकानं, अकरा शिवणयंत्रं, आणि एकाच्याही पोटात गेल्या पाच वर्षांत तेलाचा थेंब गेलेला नाही. इथले एक मास्तर मशीन बिघडली की तिच्याशी अबोला धरतात. तीन-तीन दिवस. मग चौथ्या दिवशी मला फोन. असो, भरकटलो. सांगायचं हे, की यावेळी मी बसने आलोय, अवजारांची पेटी मांडीवर घेऊन. पाय मुंग्या येऊन मेले. गाडी अडीच महिने घरासमोर उभी आहे, कारण तिला विमा नाही, आणि विमा नाही तर रस्ता नाही. रस्ता नाही तर मी कसला? गावोगाव हिंडून मशिनी दुरुस्त करणं हा काय धंदा आहे, असं तू विचारायचीस. आहे, बाई. फक्त त्याला चाकं लागतात.

झालं असं. पेटी-अवजारं भरली की आपली गाडी चढावर धापा टाकायची. म्हणून हिवाळ्यात बाबांनी तिच्यात डिलिव्हरी व्हॅनचं इंजिन बसवलं, ब्रेकही मोठे घातले. त्यांचे हात आता थरथरतात. पाना मी धरायचो आणि ते स्टुलावर बसून नुसत्या कानाने सांगायचे, अजून पाव फेरा, बास, बास म्हटलं ना गाढवा. काम झालं तेव्हा गाडी अशी काही घुमली की म्हातारा हसला. तू ते हसू पाहिलेलं नाहीस फारसं.

टायरवाला म्हणाला, येड्या, विमा कंपनीला कशाला कळवतोस, बॉनेट उघडून कोण बघतंय? मी म्हटलं, धडक झाली की तेच बघतील, आणि हात वर करतील. मग ज्याला लागलं त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? शिवाय बाबांचं काम मी चोरीच्या मालासारखं का लपवू? सांगायचं, आणि मग भांडायचं.

फॉर्मवर छापलं होतं, मूळ बनावटीत केलेले सर्व बदल लिहा. सर्व म्हणजे सर्व ना? मी तीन पानं जोडली. इंजिन, ब्रेक, चोरांसाठी बाबांनी बसवलेलं, दाबल्याशिवाय गाडी सुरूच होऊ न देणारं गुप्त बटण, आणि मग हात वाहवतच गेला. थर्मासचा हुक. मागच्या काचेचा पडदा. कप्प्याची बिजागरी. चालकाच्या सीटवरची निळी उशी. आठवड्याने उत्तर आलं. एकूण तेवीस बदल, सबब गाडी शर्यतीच्या वर्गात मोडते, विमा स्थगित, मूळ इंजिन परत बसवा. उशी सातव्या क्रमांकावर होती, ‘आसनरचनेत फेरफार’. बाबांनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, पडद्याने किती वेग वाढला रे?

इंजिन काढायचं नाही, एवढं मी त्याच क्षणी ठरवलं. बाबांच्या हातून पुन्हा तसं काम होणार नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. मग सुरू झाले फोन. तीच ती बासरी कानात, तोच तो आवाज, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एकाने सल्ला दिला, छोटी गाडी घ्या. मी म्हटलं, तुम्ही छोटा शर्ट घाला. फोन कट. शेवटी एक बाई भेटल्या, वरच्या हुद्द्यावरच्या, आवाजाने खडूस पण ऐकून घेणाऱ्या. हुक नि पडदा त्यांनी स्वतः खोडले आणि तपासनीस पाठवला.

तपासनीस म्हणजे टाय घातलेला गंभीर इसम. इंजिन, ब्रेक बारकाईने बघून म्हणाला, कुणी केलंय हे? चोख आहे. बाबा स्टुलावर ताठ झाले. मग मी त्याच्या हातात किल्ली दिली आणि म्हटलं, घ्या, चोरा गाडी. बिचारा पाऊण तास चोरत होता. डॅशबोर्डखाली घुसला, पायपुसणी उचलली, गिअरची दांडी पिळली. स्टार्टर घरघरायचा, इंजिन काही पकडेना. टाय ग्रीसमध्ये बुडाला. शेवटी त्याने लिहिलं, सुरक्षा समाधानकारक.

तरी कंपनीचं शेपूट उरलंच. बटण नेमकं कुठे आहे ते लेखी द्या. मी साफ नाही म्हटलं. तुमच्या ऑफिसात पंधरा टेबलांवरून फिरणारा कागद, त्यावर जागा लिहिली की ते गुप्त कसलं? बाईंनी फोनवरच कागद चाळले. मग म्हणाल्या, मुद्दा बरोबर आहे, पण उद्या तुम्हालाच काही झालं तर? ते वापरता येणारी आणखी एक व्यक्ती दाखवा, दुसरी चालक म्हणून तिची सही आणा, जागा लिहू नका. शिवाय साधन कधी आणि कशासाठी बसवलं ते भरा.

हे मी बाबांना विचारलं. मी आपला लिहायला बसलो होतो, ‘चोरांपासून संरक्षण’. ते म्हणाले, चोर कसले? तुझ्या ताईसाठी बसवलं.

ताई, तू एकोणीस वर्षांची असताना न विचारता गाडी घेऊन दीपगृहापर्यंत गेलीस आणि एक ओरखडाही न पाडता परत आणलीस, ते मला आठवतं. पुढच्या रविवारी गाडी सुरू होईना. तू अर्धा तास स्टिअरिंग धरून बसून होतीस आणि मी कुंपणावरून बघत होतो. मग बाबा आले, बसले, आणि गाडी एका दमात सुरू. तू आत गेलीस, त्यानंतर आजतागायत त्या सीटवर बसली नाहीस. मी बाबांना ठणकावून म्हटलं, चूक केलीत तुम्ही. मला वाटलं, पाना फेकून मारतील. त्यांनी पाना पेटीत ठेवला. मग म्हणाले, सांग तिला. फोनवर नको, लिहून सांग.

तर लिहितो. तू उंचीला कमी पडायचीस म्हणून आईच्या मशीनवर जी निळी उशी शिवली होतीस, तिच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात, शिलाईच्या आत आहे ते बटण. चिमटीत धरून दाबायचं, मग किल्ली. त्या रविवारी तू त्याच्यावरच बसली होतीस. तपासनीसही.

आता फॉर्म उघड. दुसरी चालक म्हणून तुझं नाव मी आधीच घातलंय, विचारलेलं नाही, तूही कुठे विचारलं होतंस? सही करून उलट टपाली पाठव. विमा लागला की पहिल्या शनिवारी मी बाबांना घेऊन तुझ्या दारात येतो. ते शेजारच्या सीटवर बसणार आहेत, तसं त्यांनीच ठरवलंय. मी मागे, पेटीपाशी. दीपगृहाचा रस्ता तुला ठाऊक आहे.

तुझाच, अजून न थांबलेला,
भोवरा