कॉफी कशी झाली?

बाबा, काल वाघोलीच्या घरी कॉफी केली आणि ती कशी झाली ते मोबाइलला सांगितलं. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "का? तो पितो का?" पीत नाही. पण सध्या माझी सगळी आशा त्याच्यावरच आहे. नोकरी गेली माझी. एका बाईने फोनवर गोड आवाजात कंपनीच्या वतीने आभार मानले आणि संध्याकाळी माझा लॅपटॉप उघडेनासा झाला. पन्नाशीला टेकलेल्या बाईला पुन्हा कोणी बोलावत नाही, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. घरात बसून वेड लागायची वेळ आली तेव्हा कॉफीचा जुना नाद वाढवला. लांब चोचीची किटली आणली, छोटा वजनकाटा आणला, हाताने फिरवायची चक्की आणली. माझ्याबरोबरच घरी बसलेली ऑफिसातली एक मैत्रीण भेटायला आली होती. माझा सगळा खटाटोप बघून म्हणाली, "ताई, याचं ॲप करू या ना. लोक एवढं सामान घेतात आणि शेवटी काढाच पितात. काय चुकलं ते त्यांना सांगणारं कोणी नसतं." मला सांगणारं होतं, एवढंच तेव्हा मनात आलं.

नारायण पेठेतलं ते अरुंद स्वयंपाकघर. आई चहाची, तिने तुमच्या कॉफीला कधी हात लावला नाही, म्हणून शाळेतून आल्यावर ते काम माझं. पितळी फिल्टरमध्ये पूड दाबायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि थेंब थेंब उतरेपर्यंत वाट बघायची. तुम्ही छापखान्यातून येता, बोटांना लाल शाई लागलेली, दिवसभर प्रुफं तपासून डोळे तांबारलेले. ओट्याशी उभे राहूनच पहिला घोट घेता आणि मी श्वास रोखून तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहते. डावी भुवई चढली की "पाणचट." ओठ आत गेले की "फार कढवलीस." नुसतीच मान हलली तर "चालेल." आणि क्षणभर डोळे मिटलेत तर "बरी आहे." त्याच्यावर पायरीच नव्हती. एकदा मी रुसून म्हणाले, "बाबा, छान म्हटलंत तर काय बिघडेल?" तर म्हणालात, "अगं, आज एका लग्नपत्रिकेत अप्रतिम आलंय, मसाल्याच्या जाहिरातीत आलंय, आणि एका श्रद्धांजलीतसुद्धा आलंय. अप्रतिम म्हणजे ज्याला तोड नाही ते. तोड नसलेल्या इतक्या गोष्टी आपल्या पेठेत राहतात होय? मग येताजाता दिसत कशा नाहीत?" आई हसली होती. मी मात्र दुसऱ्या दिवशीच्या "बरी आहे"च्या मागे लागले, ती आजवर.

ॲपमध्ये मी तेच शब्द घातले. माणसाने पूड किती घेतली, पाणी किती तापवलं ते लिहायचं, कॉफी प्यायची, मग ॲप विचारतं, "कशी झाली?" खाली चार बटणं: पाणचट, फार कढली, चालेल, बरी आहे. जे दाबाल त्यावरून पुढच्या वेळी काय बदलायचं ते सांगायचं. मैत्रिणीला फार आवडलं. ज्यांच्या पाठिंब्यावर हे बाजारात येणार आहे त्या गृहस्थांनाही आवडलं, शेवटचं बटण सोडून. "मॅडम, बरी म्हणजे काय? पेशंट बरा होतो. एवढी मेहनत करून माणसाला फक्त बरी? तिथे अप्रतिम टाका, युझर खूश झाला पाहिजे." मैत्रीण टेबलाखालून माझा हात दाबत होती. तिच्या घरी तिच्यावर सगळे अवलंबून आहेत. मी म्हणाले, टाकते.

बाबा, मला राग त्यांचा आला नाही. मला हॉस्पिटलातली ती सकाळ आठवली. तुमच्या घशाला रेडिएशन चालू होतं. मी डॉक्टरांना वेड्यासारखी विचारत होते, बाबा बरे होतील ना, आणि ते म्हणत होते, तोंडाची चव गेलीये, खाण्याचा आग्रह करू नका. तरी मी थर्मासमधून कॉफी आणली. तुम्ही कपाला ओठ लावलेत. भुवई हलली नाही, ओठ हलले नाहीत, डोळे माझ्यावरच होते. मग घोगऱ्या आवाजात म्हणालात, "अप्रतिम झालीये." मी थर्मास घेऊन बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. आयुष्यभर जो शब्द तुम्ही कोणाला फुकट दिला नाहीत तो मला दिलात, तेव्हा मला कळलं की आता काही उरलेलं नाही. तो शब्द मला नको होता. आजही नको आहे.

काल त्या गृहस्थांसमोर करून दाखवायचं होतं. किटली, काटा, चक्की, सगळं मांडलं. कॉफी झाली, मी घोट घेतला, आणि सवयीने मान वर करून समोर बघितलं. समोर ते गृहस्थ ॲप उघडलेला मोबाइल माझ्यापुढे धरून हसत होते. मी अप्रतिम दाबलं. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. काम पुढे जाणार आहे, म्हणजे घरही चालेल, आणि त्यात वाईट काही नाही, असं मी स्वतःला समजावते आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवायचं असतं तर आधी तुम्हीच तपासलं असतंत आणि अर्ध्याहून जास्त खोडलं असतंत. फक्त एक गोष्ट ना मैत्रिणीला सांगितली आहे, ना त्या गृहस्थांना. ॲप लोकांना चव ओळखायला शिकवणार आहे, आणि मला कॉफीतलं काही कळत नाही, बाबा. मला फक्त तुमचा चेहरा कळायचा. कालची कशी झाली होती, मला खरंच माहीत नाही.