जिथे त्याचं राज्य होतं तिथे

नाना,

तुमचा तो अमेरिकेचा अध्यक्ष परवा आमच्या घरी आला. म्हणजे लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून आला. तोच उंच, हडकुळा, दाढी असून मिशी नसलेला. तुम्ही असतात तर खुर्चीवरून उठून उभे राहिला असतात. लेक वाचता वाचता थांबली आणि ओरडली, "मॉम, ही डिडंट फ्री एव्हरीवन!" तिला धक्का बसला होता तो त्या जाहीरनाम्याचा. लढाई चालू असताना त्याने गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर केलं खरं, पण ते फक्त फुटून गेलेल्या मुलखापुरतं, जिथे त्याचं कुणी ऐकत नव्हतं. गुलाम ठेवणारी जी राज्यं त्याच्या बाजूला राहिली होती, तिथले गुलाम होते तसेच राहिले. "सो व्हेअर ही वॉज द बॉस, ही डिड नथिंग?" मी म्हटलं, हो, सुरुवातीला तसंच. मला त्यात नवीन काही नव्हतं. मी तुमची मुलगी आहे.

नागपूरच्या घरात तुम्ही हे आम्हाला जेवणाच्या ताटात शिकवलं होतंत. मला ते आत्ता दिसतंय. तुम्ही मांडी घालून बसला आहात, दादा आणि मी समोर. ताटातला भात म्हणजे उत्तर, वांग्याची भाजी म्हणजे दक्षिण आणि मधली जवसाची चटणी म्हणजे ती काठावरची राज्यं. "चटणीला आत्ताच हात लावला," तुम्ही सांगताय, "तर ती भाजीला जाऊन मिळेल, मग भातही हातचा जाईल. आधी देश एक राहिला पाहिजे. देशच फुटला तर मुक्ती देणार कोण आणि कुणाला?" तुमचा आवाज भरून येतो, नेहमीसारखा. आत्या चुलीजवळून फुलके आणून वाढतेय. सगळ्यांचं झाल्यावर ती आत एकटी जेवणार, हे आम्हाला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक. आणि मी दहा वर्षांची शहाणी विचारते, "नाना, आपली आत्या चटणीत आहे का?" तुमचे कान लाल होतात. "जेवताना बडबड करायची नाही," एवढंच म्हणता. आत्या मात्र हसते. "काय बोलून राहिली बाप्पा ही पोरगी!" म्हणते आणि माझ्या ताटात आणखी एक फुलका टाकते.

विशीत विधवा होऊन ती माहेरी परत आली होती. आणि तुम्ही कोण? गावोगाव सायकल मारत विधवांची लग्नं जमवणारे गुरुजी. लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, भटजींशी भांडलात, किती बायकांचे संसार उभे केलेत. त्यातली काही लग्नं तर आपल्याच अंगणात लागली, आणि त्या जेवणावळींचा स्वयंपाक आत्याने केला. मग तुमच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या विधुर मास्तरांनी तिला मागणी घातली, तेव्हा तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवलंत. आईला दमा, आम्ही लहान. "ही गेली तर हे घर बसेल," असं तुम्ही आईला म्हणालात. आईनेच मला सांगितलं, खूप पुढे. मी तुमची बाजू समजून घ्यायला बघते, नाना. पण तुमचा अध्यक्ष तिथे थांबला नव्हता हो! देश हाताशी राहतोय असं दिसताच त्याने संसदेतल्या एकेकाला गोंजारून, दटावून, मिनतवाऱ्या करून घटनाच बदलायला लावली, चटणीसकट सगळ्यांसाठी. आणि मग त्याला गोळी घातली. त्याला वेळ मिळाला नाही. तुम्ही पंचाहत्तरी पार केलीत. मी मोठी झाले, दादा कमावता झाला, आईचं दुखणं आईबरोबर गेलं. तुम्हाला वेळच वेळ होता.

तुमच्यामागे घरातल्या लोखंडी कपाटाबरोबर आत्या दादाकडे गेली. परवाच्या उन्हाळ्यात मी भांडूनतंडून तिला इथे आणली, हॅलिफॅक्सला. ठरवूनच टाकलं होतं की आता हिची सुटका. आमच्या घरात पहिलं ताट तिचं, आणि ओट्याला हात लावायचा नाही. "बस गं आत्या, तुझं करून झालं आता." ती बिचारी खिडकीशी बसायची, हात मांडीवर ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघत. पहिलं ताट पुढे आलं की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आपल्या आधी कुणी जेवलंच नाही, म्हणजे काहीतरी चुकतंय असा चेहरा. मला वाटायचं, होईल सवय.

गणपतीला इथली दोन-चार मराठी कुटुंबं जेवायला यायची होती. मी पुरण वाटत होते. ती हळूच मागे येऊन उभी राहिली आणि तिने पातेल्याला हात घातला. मी तिचा हात धरून बाजूला केला. "नको म्हटलं ना!" घाईत होते, आवाज चढला. ती गेली. पाहुणे जेवून गेल्यावर तिने विचारलं, "एक विचारू का गं? माझ्या हातचं देवाला चालत नाही, असं तुमच्याकडे आहे का? सासरी होतं तसं. नानाने मात्र कधी मानलं नाही. त्याच्या घरी नैवेद्य मीच करत होती." मी रडले, पाया पडले, म्हटलं, अगं तुला आराम मिळावा म्हणून! ती म्हणाली, "आराम काय, मेल्यावर आहेच की." दुसऱ्या दिवशी मी सगळं स्वयंपाकघर तिच्या हवाली करायला निघाले, तर तिने ओट्याकडे पाहिलंही नाही.

त्यातच दादाचा फोन. वहिनीची पाठ धरलीय, घर विस्कटलंय, आत्याला पाठव. नाहीतर तुझं-माझं संपलं. मी म्हटलं, संपू दे. आत्या मागेच उभी होती. "माझ्यापायी भावंडांत फूट नको," म्हणाली. "नानाला काय वाटेल?"

"नाना गेलेत, आत्या!" मी किंचाळले.

"म्हणून काय झालं?" ती म्हणाली, आणि बॅग भरायला गेली.

आमच्या शेजारणीचे पूर्वज अमेरिकेतल्या गुलामीतून निसटून जहाजाने इथे आले, तुमचा अध्यक्ष जन्माला यायच्याही आधी. हिवाळ्यात एकदा दोघी बर्फ शोव्हल करत होतो, तेव्हा मी तिला हे सगळं सांगून टाकलं. ती फावड्यावर रेलून म्हणाली, "हनी, नोबडी केम टू फ्री माय पीपल. दे जस्ट लेफ्ट." आमचीही निघून गेली की, पण उलट्या दिशेने.

आता फोनवर ती बरंय म्हणते. डोळ्यांना नीट दिसत नाही, तव्याचे चटके बसतात, हे मला वहिनीच्या मोलकरणीकडून कळतं. ती पुन्हा इथे येणार नाही, आणि मी तिथे जाऊन तरी कुठल्या घरात नेऊ तिला? तिच्यासाठी आता कुणी काही करू शकेल असं मला वाटत नाही. ती त्या स्वयंपाकघरातच जाईल एक दिवस. हे सगळं तिला वाचून दाखवायचं एकदा मनात आलं होतं, पण ती तुमचीच बाजू घेईल. तेव्हा हे पत्र इथेच राहू दे.

एक मात्र लेकीला मी सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. आत्या इथे होती तेव्हा मी तिला सगळ्या कामांची बंदी केली होती. पण सकाळचा आल्याचा चहा ती माझ्या आधी उठून करायची, मी खाली यायच्या आत कप भरून ठेवायची. त्याला मी कधीच नको म्हटलं नाही, नाना. फार छान व्हायचा तो.