काहीच न मिळालेली गल्ली

चि. संघप्रिया हिला दादाचा सप्रेम जय भीम.

मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू मलावीला जायच्या आधीपासून कुरकुरतोय, त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. तू जेवतेस ना वेळेवर? तिकडं गरिबांना रोख पैसे वाटायचं तुझं काम आणखी दोन वर्षं वाढवू का, असं विचारलंस. उत्तर देतो, पण आधी गावात काय झालं ते ऐक, तुझ्याच धंद्यातलं आहे.

गेल्या वर्षी आपल्याकडे परदेशी मदतवाले आले. (चंदगडच्या घाटात एसटी वेळेवर येत नाही, हे मात्र बरोबर आले.) गरिबी कशानं हटते हे त्यांना शोधायचं होतं. चिठ्ठ्या टाकून त्यांनी वरच्या गल्लीला कोंबड्या आणि त्या पाळायचं शिक्षण दिलं, खालच्या गल्लीला रोख रक्कम, आणि आपल्या मधल्या गल्लीला काहीच नाही. फरक कळायला एक गल्ली रिकामी ठेवावी लागते म्हणे. (तूही कुणाच्या तरी दादाला असंच ठेवत असशील.)

दर तीन महिन्यांनी कोल्हापूरची अनुजा नावाची मुलगी टॅब घेऊन प्रश्न विचारायला यायची. पोरगी गुणी, तुझ्यासारखी भरभर बोलणारी. शेजारच्या बयाबाईंना तिनं विचारलं, कधी उपाशी झोपलात का? बयाबाई भडकल्या. "दारात पावणी आलीया, आन उपाशी हाय म्हणून सांगू व्हय?" त्यांनी दोन म्हशी असल्याचं ठोकून दिलं, आणि पुढच्या खेपेला नेसरीच्या जावयाच्या म्हशी टेम्पोतून आणून दारात बांधल्या. मग अख्खी गल्ली फुशारकीला पेटली. मीही आपल्या पाच काजूच्या झाडांची सांगताना बाग केली. वरच्या गल्लीनं तर कोंबड्या बघायला आलेल्या साहेबांना त्याच कोंबड्यांचा रस्सा वाढला. वर्षाअखेर हिशेब लागला तेव्हा सगळ्यात जास्त प्रगती काहीच न मिळालेल्या गल्लीची निघाली. एक साहेब म्हणाले पैसेच द्यावेत, दुसरे म्हणाले आधी शिकवावं, आणि तिसऱ्यांनी आमची गल्ली पुन्हा मोजायला घेतली.

आपलं भांडण आठवतं? तू म्हणायचीस रोख द्या, गरिबाला आपली गरज कळते. मी म्हणायचो वस्तू द्या आणि वर्षभर पाठीशी उभे राहा. तर खालच्या धोंडुबाईंनी त्या पैशांतून घरावर पत्रे घातले आणि यंदाच्या पावसाळ्यात पहिल्यांदा कोरड्या अंथरुणात झोपल्या. तू जिंकलीस. पण हरायलाही माणूस समोर लागतं गं. चार वर्षं झाली तुला जाऊन. घरात माझ्याशी वाद घालायला कुणी नाही, आणि तुझी फार आठवण येते.

तरीही सांगतो, दोन वर्षं खुशाल राहा. तिकडच्या एखाद्या धोंडुबाईंचं छप्पर तुझ्यामुळं होत असेल तर मी आड येणार नाही.

तुझा,
भाऊसोदादा

ता. क. अभ्यास संपला, अनुजा आता येणार नाही. परवा निरोप घ्यायला आली होती. बयाबाईंनी तिची ओटी भरली आणि ती गेल्यावर तासभर तिच्यासाठी रडल्या.

आणखी एक. तिचा शेवटचा प्रश्न असायचा, गेल्या आठवड्यात किती दिवस एकटं वाटलं? चारही वेळा मी 'एकही नाही' म्हणालो. खरं उत्तर सात होतं. वरचं 'खुशाल राहा' मी त्याच तोंडानं लिहिलंय. ये गं घरी.